विनाशिका, स्त्रीलिंगी

बोंडं फुटून शिवार पांढरंशुभ्र झालं, की हमखास त्याच आठवड्यात आभाळ भरून येतं. मग आमच्या चौसाळ्यात कुणी ताडपत्री ओढत पळतं, कुणी वेचलेला कापूस ओसरीत लोटतं, कुणी नुसतं वर बघून शिव्या घालतं. हा परतीचा पाऊस. निरोप घेऊन निघालेला पाहुणा उंबऱ्यातून मागं वळून दोन शब्द सुनावतो, तसला. ह्या वर्षीही आला. काल शाळेतून येताना अर्ध्या रस्त्यात त्यानं मला गाठलं, चांगलं झोडपलं आणि लगेच लख्ख ऊन पाडून मोकळा झाला. पदर पिळत घरात शिरले, तर समोर काचेच्या कपाटात ती उभी. राखाडी, सडपातळ, कोरडी ठणठणीत. तीन वर्षं झाली तिला ह्या घरात येऊन, पण तिला बघितलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कुणाचा गैरसमज नको. ती म्हणजे कुणी बाई नाही, जहाज आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या नौदलात होतं, त्याची ही हातभर लांबीची प्रतिकृती. केली ह्यांनी. हे म्हणजे माझे मालक. हायवेला लागून आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, पत्रे, पाईप, खिळे, नळ, रंग असलं सगळं. मी ह्यांना लग्नापासून 'हे' म्हणत आले, नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आणि हे त्या जहाजाला 'ती' म्हणतात. आमचा संसार असा सर्वनामांवर चालला आहे.

मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळं हे पहिल्यांदा 'ती' म्हणाले तेव्हाच मी हटकलं होतं.

"अहो, ती काय? ते म्हणा. जहाज नपुंसकलिंगी असतं."

"जहाज न्हाई म्हणत मी. विनाशिका हाय ती. आता तूच सांग, स्त्रीलिंगी का न्हाई?"

निम्मं आयुष्य मुलांना लिंग ओळखायला शिकवणाऱ्या बाईची बोलती बंद. मोठ्या लढाऊ जहाजांच्या पुढंमागं पळणारी, पाण्याखालून जाऊन फुटणारे टॉर्पेडो सोडणारी, लहान आणि चपळ युद्धनौका, तिला आपली वर्तमानपत्रं विनाशिका म्हणतात. हा शब्द ज्यानं घडवला त्याला मला एकदा घरी जेवायला बोलवायचं आहे. वाढीन काय ते नंतर ठरवीन.

तर तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम. तेव्हाही कापूस असाच फुटला होता आणि पाऊस असाच येऊनजाऊन होता.

ह्यांची एक चौकडी होती. चौघांची दुकानं एका ओळीत, शाळा एक, वर्ग एक. महिन्यातून एकदोनदा दुपारीच शटर ओढून चौघं चार मोटारसायकलींवर पालीला जायचे, बिंदुसरेच्या धरणावर. एकाच्या गाडीवर दुसरा बसायचा नाही, त्यात म्हणे कमीपणा. तिथं जाऊन करायचे काय, तर काही नाही. पाणी बघायचं, भजी खायची, एकमेकांना 'बे' म्हणायचं. घरी ह्यांच्या तोंडून मीठ वाढ एवढेच शब्द निघायचे, आणि तिकडं ह्यांचं हसणं सांडव्यापर्यंत ऐकू जातं, असं बघणारे सांगायचे. मी जळायचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. नवरा दुसरीकडं हसतो म्हटल्यावर जी बाई जळत नाही, ती एक तर संत असते नाही तर तिला नवऱ्याची पडलेली नसते. मी दोन्हींत बसत नाही.

त्या दिवशी चौघं निघाले आणि थोड्या वेळानं मी फोन केला. कारण काहीच नव्हतं. म्हणजे कारण हेच, की हे तिकडं आणि मी इकडं. तेव्हा हे मांजरसुंब्याचा घाट उतरत होते, ओळीत सगळ्यात शेवटी. खिशात फोन वाजला म्हणून गाडी कडेला घेतली.

"काय गं?"

"काही न्हाई. कधी येणार?"

"आत्ता तर निघालोय. खामखा फोन करतीस."

तेवढ्यात फोनमधून एक आवाज आला. वारं अंगावरून जावं तसा, पण खूप मोठा. ब्रेक गेलेला एक ट्रक घाटावरून सुटला होता. तो ह्यांच्या गाडीचा उजवा आरसा तोडून खाली गेला, वळणाआड. वळणाआड ते तिघं होते.

तिघंही गेले. हे एकटे परत आले, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

नंतर गावात एकच प्रश्न फिरत राहिला. ओट्यावर, सलूनमध्ये, दहाव्याच्या मांडवात. "ह्योच मागं कावून ऱ्हायला?" हाच का मागं राहिला, हे कुणी वाईट मनानं विचारत नव्हतं, पण विचारत होतं. आणि हे प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे. "प्लगमधी कचरा आलता. गाडी बंद पडली." मी चहाचे कप घेऊन दारात उभी असायचे आणि ऐकायचे. प्लग! माझ्या फोनच्या जागी बोटभर लांबीचा एक प्लग येऊन बसला. तीन घरांत रडारड चालू असताना 'माझ्या बायकोचा फोन आला म्हणून मी वाचलो' असं कुठला शहाणा म्हणेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. ह्यांनी ते माझ्यासाठीच केलं, लोकांनी मला बोल लावू नये म्हणून. पण कळणं वेगळं आणि जळणं वेगळं. मला गावापुढं काही नको होतं. घरात, चार भिंतींच्या आत, ह्यांनी एकदा विचारावं, 'तू फोन कावून केलतास?' एवढंच हवं होतं. उत्तर मी तयार ठेवलं होतं. चांगलं, नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं उत्तर. पण हे विचारेनात. नुसतं विचारेनात असं नाही, बोलेचनात. फोन वाजला की दचकायचे आणि माझ्याकडं न बघता उठून जायचे.

आता वाटतं, माणूस गप्प बसतो तेव्हा घरातली भांडीसुद्धा जरा जास्त वाजतात. मी मुद्दाम वाजवायचे, ते सोडा.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की हे फोनवर काहीबाही बघत बसायचे. दिवाळी तोंडावर आली होती. आमच्याकडं त्या वर्षी फराळाचं नाव नव्हतं, ओळीतल्या तीन दुकानांची शटरं बंद. आणि एक दिवस जेवताना हे अचानक बोलले. कितीतरी दिवसांनी पहिलं सलग वाक्य. माझा घास हातातच राहिला.

"अगं, एक जपानी विनाशिका हाय. शिगुरे नाव तिचं."

मला वाटलं, आता माझी पाळी येईल. ह्या वाक्याच्या मागून दुसरं येईल, त्याच्या मागून तिसरं, आणि मग घाट येईल. पण त्या दिवशी बोलणं समुद्रातच राहिलं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटांमध्ये रात्रीच्या अंधारात चार विनाशिका एका ओळीत चालल्या होत्या. पोटात शिपाई भरलेले. शिगुरे सगळ्यात शेवटी, आणि जरा मागं पडलेली, कारण तिची यंत्रं थकली होती, डागडुजीला जायची वेळ कधीच होऊन गेली होती. अमेरिकन जहाजं बेटाच्या सावलीत दबा धरून बसलेली. त्यांनी टॉर्पेडो सोडले. पुढच्या तिन्ही गेल्या. चौथी वळली, निसटली, घरी आली.

"आन ऐक," हे म्हणाले. ह्यांचे डोळे लकाकत होते. "नंतर गोदीत नेऊन बघतेत तर सुकाणूला भोक. टॉर्पेडो आरपार गेलता. फुटलाच न्हाई!"

मी भाकरी मोडत राहिले. ज्याला मी घाटात हरवून बसले होते, तो माणूस त्या रात्रीच्या समुद्रात होता आणि तिथून मला हात करून सांगत होता, बघ किती छान आहे इथं. मला तेव्हाच समजलं होतं हे कशाबद्दल बोलताहेत. चार जण, ओळ, शेवटचा, अंगावरून गेलेला मृत्यू. शाळेतल्या पोरालाही जोड्या जुळवता आल्या असत्या. मला राग त्याचा नव्हता. राग ह्याचा होता, की तिच्या गोष्टीत सगळं होतं, फक्त मी नव्हते. तिची यंत्रं थकली होती म्हणून ती मागं राहिली. तिला कुणी फोन केला नव्हता. ती आपल्या आपण वाचली होती, आणि म्हणून हे तिच्यावर भाळले होते. तिच्याकडं बघताना ह्यांना कुणाचं देणं लागल्यासारखं वाटत नव्हतं.

माझ्या नशिबी सवत आली, आणि तीही समुद्रावरची. बीड जिल्ह्यात! जिथं प्यायचं पाणी उन्हाळ्यात टँकरनं येतं.

मग दुकानात कारखाना सुरू झाला. पांढऱ्या पाईपचा सांगाडा, त्यावर पत्रा, तोफांच्या नळ्यांना सायकलच्या चाकाच्या तारा. गिऱ्हाईक वॉशर मागायचं आणि हे तिच्या धुराड्याला फुंकर घालत बसायचे. गल्लीत चेष्टा सुरू झाली. "बाई, जहाज लावणार कुठं? बिंदुसरेत का खडकावर?" मीही हसून म्हणायचे, "आधी पाणी आणा, मग विचारा." वरवर हसायचे. आतून माझी अवस्था वेगळी होती. ह्यांची बोटं इतकी हळू चालतात, हे मला लग्नाच्या एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या बांगडीत साडीचा धागा अडकला तर हे कात्री आणून देत.

एकदा मी भांडायचं म्हणून भांडले. "दुसऱ्याच्या बेटांवर घुसायला निघाली होती तुमची ती. पोटात शिपाई घेऊन. काय देवाच्या कामाला गेलती का?" ह्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. मग म्हणाले, "न्हाई. देवाच्या कामाला न्हाई गेलती. ते खरं हाय." आणि पुन्हा पॉलिश पेपरनं पत्रा घासायला लागले. प्रतिस्पर्ध्यानं दोष कबूल केला की भांडणारा उघडा पडतो.

तिच्या नावावरूनही आमची एक चकमक झाली. जपान्यांनी आपल्या विनाशिकांना वाऱ्याची, पावसाची, लाटांची नावं दिली होती. माणसं मारायच्या यंत्राला असली नावं! शिगुरे म्हणजे पानगळीच्या शेवटी येणारी सर, आली आली म्हणेपर्यंत जाणारी.

"आपल्यात ह्याला शब्द न्हाई," हे म्हणाले.

हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझी भाषा मधे आणायची नाही. "शिरवं," मी म्हणाले. "आली आणि गेली त्या सरीला शिरवं म्हणतात. पाहिजे तर कोश काढून दाखवते."

हे दोनतीनदा तो शब्द पुटपुटले. शिरवं, शिगुरे, शिरवं. त्या महिन्यात आमच्या दोघांमध्ये एवढाच काय तो एक शब्द आला-गेला. मला वाटलं, मी जिंकले. पण दुसऱ्या दिवशी बघते तर हे तिला 'शिरवी' म्हणत होते. माझ्याच हातानं मी सवतीचं बारसं केलं होतं.

दिवाळीनंतर एकदा सुमन वहिनी दुकानात आल्या. चौकडीतले दिगूभाऊ, त्यांच्या ह्या पत्नी. महिना-सव्वा महिन्यात पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. मी आतून चहा घेऊन आले. त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि एकटक ह्यांच्याकडं बघत होत्या.

"भावजी, मला खरं सांगा. तुमी मागं कावून होता?"

"प्लगमधी..." हे म्हणाले आणि थांबले. गावाला सांगता येतं ते त्या बाईला सांगता येईना. मी कप टेबलावर ठेवले. मला वाटलं, आता हे माझ्याकडं बघतील. ह्यांनी टेबलावरून पत्र्याचा एक तुकडा उचलला. तिचं सुकाणू. बाकी जहाज अजून सांगाडाच होतं, पण सुकाणू आधी केलं होतं, आणि त्याला ड्रिलनं भोकही पाडून ठेवलं होतं. तो तुकडा ह्यांनी वहिनींच्या तळहातावर ठेवला आणि सगळी गोष्ट सांगितली. चार विनाशिका, ओळ, टॉर्पेडो.

"आरपार गेला, वहिनी. फुटला न्हाई. कावून फुटला न्हाई, ते कुणालाच सांगता येत न्हाई."

वहिनींनी तो तुकडा उजेडाकडं धरला. भोकातून पलीकडं बघितलं.

"मंजी तुमाला बी ठावं न्हाई."

"न्हाई."

त्यांनी मान हलवली. चहा प्यायल्या, तुकडा परत दिला, पदरानं तोंड पुसलं आणि गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी कधी तो प्रश्न काढला नाही. जे ऐकायला त्या आल्या होत्या, त्यातलं काहीतरी त्यांना मिळालं असावं. आणि मी? जिचं कुंकू गेलं, जिच्यापुढं अख्खं आयुष्य पडलं आहे, त्या बाईचा मला हेवा वाटला. वाटला तर वाटला, आता काय करू? ते सुकाणू ह्यांनी तिच्या हातात दिलं. माझ्या हातात कधी दिलं नव्हतं.

थंडी पडली, कापसाची शेवटची वेचणी झाली, आणि ती पूर्ण झाली. हौदात सोडून बघितली तर एका कुशीवर कलली आणि तळाला गेली. मी तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात पळाले, तिथं पोटभर हसले. हे मात्र शांतपणे बाही वर करून तिला काढत होते. टॉवेलनं पुसलं, उन्हात वाळवलं, आणि कपाटात ठेवलं. तिथं आधी आमच्या लग्नाचा फोटो होता. तो आता फ्रिजवर आहे.

त्यानंतर हे हळूहळू बोलायला लागले. भाजीबद्दल, लाईटबिलाबद्दल, पुण्याला असलेल्या पोराबद्दल. लोकांना वाटलं, सावरला माणूस. जहाजाची गोष्टही सांगायचे, कुणी पाहुणा आला की. पहिली लढाई सांगायचे आणि मग दुसरी. दुसरीत सात जहाजांचा ताफा एका सामुद्रधुनीत शिरला, त्यात डोंगराएवढ्या दोन युद्धनौका होत्या, आणि परत आली ती ही एकटी. तिथं गोष्ट संपायची. पाहुणा वा वा म्हणायचा. त्यापुढं तिचं काय झालं, हे ह्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. माझ्या तोंडून तिची चौकशी? शक्यच नाही.

पण काल त्या पावसानं मला भिजवलं होतं आणि माझं डोकं तापलं होतं. दुकानातली लाईट गेली म्हणून हेही लवकर घरी आले. बाहेर ऊन आणि थेंब एकदमच पडत होते. मी चहा ठेवला. हे खुर्चीत बसून कपाटाकडं बघत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुमची ती मेली कशी?"

"कोण?"

"ती. कपाटातली."

मी समोर कप ठेवला, तो दोन्ही हातांनी धरला.

"जानेवारीत," हे म्हणाले. "सयामच्या आखातात. लढाई-बिढाई काय न्हाई. दुसऱ्या जहाजांना सोबत करत चालली होती. पाणबुडीनं खालून टॉर्पेडो मारला. त्या टायमाला फुटला."

तीन वर्षं ज्याची वाट बघितली, ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"आन माणसं?"

"थोडी गेली. लई वाचली."

"मग?"

"मग काय? गेली असतील आपापल्या घरला." हे कपात बघत होते. "घरच्यांनी इचारलं असंल, तुमी कसे काय आलात. काय सांगितलं असंल त्यांनी?"

ह्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"तू फोन कावून केलतास त्या दिवशी?"

माझं उत्तर तयार होतं. मन कासावीस झालं, उजवा डोळा लवायला लागला, कुणीतरी आतून सांगितलं म्हणून केला. तीन वर्षं घासूनपुसून ठेवलेलं उत्तर. त्यातला एक शब्दही ओठांवर आला नाही.

"जळत होते म्हणून."

"कुणावर?"

"त्या तिघांवर. तुमी माझ्यापाशी गप बसता आन त्यांच्यापाशी हसता म्हणून. दुसरं काय बी कारण नव्हतं."

बोलून बसले आणि वाटलं, झालं, आता हे उठून जाणार. जे गेले त्यांच्यावर मी जळत होते, असं तोंडानं म्हणाले होते. हे उठले नाहीत.

"अजूनबी जळतीस?"

"हो."

"आता कुणावर?"

मी कपाटाकडं बोट केलं. हे वळून तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि हसायला लागले. पालीच्या धरणावर हसत असतील तसे, मोठ्यानं. हसता हसता डोळे पुसले.

"ऱ्हा मग जळत," हे म्हणाले. "त्याच्यानंच वाचलो मी."

चहा निवला होता. तो पुन्हा गरम करायला मी उठले, तर ह्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं. म्हणाले, चहा ऱ्हाऊ दे, ऐक. फोन वाजला तेव्हा मी काढणार नव्हतो. तुझाच असणार म्हणून वाजू देत होतो. पण लगेच पुढं दिगू होता, त्याला ऐकू गेला. त्यानं गाडी हळू केली, मागं वळला आणि ओरडला, "घे बे, वहिनी असंल. आमी होतो पुढं."